डावीकडचा आतला ब्रेक पॅड संपला, बाहेरचा निम्मा शिल्लक. दोष कुठे असेल?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. चाळीसगावला राहतो. गाडी आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. संभाजीनगरला कामासाठी वरचेवर जावं लागतं, म्हणजे कन्नड घाट आलाच. गेल्या आठवड्यात घाट उतरताना पुढून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. हळूहळू घरी आणली आणि चाकं खोलून घेतली.

डावीकडच्या आतल्या पॅडचं मटेरियल पूर्ण संपलंय, मागचा पत्रा डिस्कला लागलाय. त्याच चाकाचा बाहेरचा पॅड मात्र पाच-सहा मिलिमीटर शिल्लक. उजवीकडे आतला-बाहेरचा दोन्ही सारखे, तेही पाच-सहाच्या आसपास. चारही पॅड एकाच दिवशी, एकाच खोक्यातले बसवलेले आहेत.

आणखी दोन गोष्टी. ब्रेक दाबला की गाडी किंचित उजवीकडे जाते. आणि सरळ रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडली तर डावीकडे झुकते. यावरून मला वाटलं होतं की दोष उजव्या चाकात असावा.

एक मिस्तरी म्हणतात, पॅड टाका आणि पळवा. दुसरे म्हणतात, दोन्हीकडचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नवीन टाका. मला नेमकं कारण कळल्याशिवाय काहीच टाकायचं नाही, कारण घरचे सगळे या गाडीत बसतात. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

भुसावळ_जंक्शन

गाइड पिन जाम. डावीकडच्या. डोळे मिटून सांगतो.

केळीवाला_रावेर

आठ वर्षांची गाडी आहे दादा, आतले-बाहेरचे पॅड थोडेफार मागेपुढे होणारच. नवीन पॅड टाका, डिस्कला एक हात टर्निंग मारून, म्हणजे लेथवर घासून सपाट करून घ्या. पुढच्या सर्व्हिसिंगला परत बघा. आमच्याकडे केळीच्या हंगामात गाडी एक दिवस उभी राहिली तरी परवडत नाही, म्हणून मी तर हेच केलं असतं.

खान्देशी_ताई

केळीवाले भाऊ, एका बाजूला पत्रा डिस्कला लागलाय आणि दुसऱ्या बाजूला निम्मं शिल्लक आहे. याला थोडंफार मागेपुढे म्हणत नाहीत. आणि पुढची सर्व्हिसिंग येईपर्यंत मधे कन्नड घाट किती वेळा उतरायचा?

जुना_मिस्तरी_धुळे

गिरणाकाठ भाऊ, सगळ्यात आधी एक विनंती. ते जुने पॅड फेकू नका. चारही पॅड एका कागदावर ओळीने मांडा आणि मागे लिहा: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. वरची बाजू कुठली त्याचीही खूण करा. इतकी वर्षं गॅरेज चालवून माझं ठाम मत झालंय की ब्रेकची अर्धी तपासणी जुन्या पॅडवरच होते. आमच्या धंद्यात जुने पॅड काढले की लगेच भंगाराच्या डब्यात जातात आणि त्यांच्यासोबत पुरावाही जातो. गिऱ्हाइकानेच मागून घ्यावेत.

आता तुमच्या गाडीचं. अशा गाड्यांत पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबला जातो. मग कॅलिपरचं धड उलट दिशेला, म्हणजे आतल्या बाजूला सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर दाबतं. हे धड दोन पिनांवर सरकतं, त्याच गाइड पिन. एक वर, एक खाली. पिना मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड सारखं काम करतात. पिना जाम झाल्या की धड जागचं हलत नाही. मग सगळं काम पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटा करतो आणि तोच संपतो. तुमचं चित्र याच्याशी जुळतं.

पण भुसावळकरांसारखं मी डोळे मिटून सांगणार नाही. पिस्टन परत मागे जात नसेल तरीही आतलाच पॅड संपतो. पिस्टनभोवती चौकोनी कापाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते आणि पेडल सोडलं की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. सील कडक झाली, किंवा पिस्टनचं धूळरबर फाटून आत पाणी गेलं आणि गंज धरला, तर पिस्टन तिथेच राहतो आणि पॅड डिस्कला चाटत राहतो. तिसरं कारण होज पाईप, म्हणजे कॅलिपरपर्यंत ऑइल आणणारी रबरी नळी. तिन्ही वेगवेगळी ओळखता येतात, त्यासाठी नवा कॅलिपर विकत घ्यावा लागत नाही.

गाडी ओढण्याचं: ब्रेक दाबल्यावर गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो तिकडे जाते. तुमची उजवीकडे जाते, म्हणजे उजवा ब्रेक चांगला आहे आणि डावा कमी धरतोय. न्यूट्रलमध्ये डावीकडे झुकते, कारण डावा पॅड पेडल सोडल्यावरही घासतोय. दोन्ही लक्षणं डाव्या चाकाकडेच बोट दाखवतात. हे उलटं वाटतं, म्हणून कितीतरी लोक चांगल्या बाजूचं काम करून घेतात.

गिरणाकाठ

मिस्तरी, उजवीकडे ओढण्याचं कोडं सुटलं. पॅड मांडून ठेवले. डावा आतला सगळीकडे सारखा संपलेला नाही, खालचं टोक जास्त गेलंय. वरच्या टोकाला मटेरियलची पातळ कड अजून आहे. पहिल्यांदा लक्षात आलं नव्हतं.

जुना_मिस्तरी_धुळे

हे कामाचं सांगितलंत. पॅड उतरता झिजला की दोन शंका घ्यायच्या. एक, दोनपैकी एकच पिन जाम आहे, दुसरी मोकळी. मग धड तिरकं सरकतं आणि पॅडचं एक टोक जास्त दाबलं जातं. दोन, पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकांचे बाहेर आलेले भाग, ब्रॅकेटमधल्या पत्र्याच्या क्लिपांत अडकलेत, क्लिपखाली गंज फुगलाय. एखाद मिलिमीटरचा उतार बऱ्याच गाड्यांत येतो, त्याची काळजी करू नये. तुमचा त्यापेक्षा जास्त दिसतोय.

सातपुडा_रायडर

मिस्तरींनी होज पाईपचा उल्लेख केला, त्यावर माझा अनुभव लिहितो. धागा फक्त पिनांवरच संपला तर कुणाचा तरी घात होईल.

तोरणमाळहून खाली येत होतो. उतारावर दुसरा गिअर, इंजिनवरच गाडी धरलेली, ब्रेकचा वापर जेमतेम. तरी खाली आल्यावर उजव्या पुढच्या चाकातून जळका वास. जवळ हात नेला तर धग लागली, डावं चाक कोमट. शहाद्यात एका गॅरेजला दाखवली. त्यांनी पिना काढल्या, साफ केल्या, ग्रीस भरलं. पिना मुळात मोकळ्याच होत्या. दोन आठवड्यांत पुन्हा तेच.

मग नंदुरबारच्या एका वयस्कर मिस्तरींनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. गाडी जॅकवर घेतली, मला पेडल जोरात दाबून सोडायला लावलं आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. चाक धरलेलं. मग कॅलिपरच्या ब्लीड निपलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला, पाना लावून अर्धा फेरा सैल केला. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणाले, पाहा, पेडल सोडूनसुद्धा आत दाब अडकून होता. होज पाईप बाहेरून ठीक दिसत होता, पण आतून रबर सुजलं होतं. पेडल दाबताना पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पेडल सोडल्यावर मागे यायला वाट नव्हती. पाईप बदलला आणि त्रास संपला.

निपल सैल केल्यावरही चाक जामच राहिलं असतं, तर दोष पिस्टनचा किंवा पिनांचा. ही एक चाचणी सगळ्यांनी लक्षात ठेवावी, पान्याशिवाय काही लागत नाही.

अभियंता_जळगाव

उत्तम चाचणी. एक भर घालतो. निपल उघडल्यावर चाक सुटलं तर दाब अडकलाय एवढं सिद्ध होतं, तो कुठे अडकलाय ते नाही. होज पाईपमध्ये असेल किंवा वर मास्टर सिलिंडरमध्ये, जिथे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब येतो. फरक करायचा तर पुढच्या वेळी निपल न उघडता, होज जिथे लोखंडी नळीला जोडलाय तो जोड सैल करून पाहा. तिथे सैल करूनही चाक धरलेलंच राहिलं तर अडथळा होजमध्ये. सुटलं तर होजच्या वर शोधा. मास्टर सिलिंडरचा दोष बहुधा एका चाकापुरता राहत नाही, दोन्ही पुढची चाकं धरायला लागतात. सातपुडा यांचं एकच चाक तापत होतं, त्यामुळे होजवर शंका योग्यच.

नंतर ऑइलची पातळी भरणं आणि हवा काढणं आलंच. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

तापीमाय

मन्ही गाडीनं बी असंच व्हयनं व्हतं. पिन जाम. पन आम्हना मिस्तरी चांगला शे, पिन काढी साफ करी दिनी. कॅलिपर बदलानी गरजच पडनी नही.

भुसावळ_जंक्शन

तापीमाय, तुम्हनं बरोबर शे! पन कोनतं ग्रीस लावं ते सांगा ना भो.

तापीमाय

ते मिस्तरीले माहीत. मी चहा पी राहिनू व्हतू.

केळीवाला_रावेर

ग्रीस म्हणजे ग्रीस. ट्रॅक्टरचं असतं घरात, तेच लावायचं.

जुना_मिस्तरी_धुळे

नाही! केळीवाले भाऊ, कृपा करून हे कुणाला सांगू नका. या धाग्यात ट्रॅक्टरच्या ग्रीसचं कधी निघतंय याचीच वाट बघत होतो.

गाइड पिनांना रबरी बूट असतात, काही पिनांच्या टोकाला रबरी नळीसुद्धा असते. ब्रेकमध्ये वापरतात ते रबर ब्रेक ऑइलला टिकतं, पण पेट्रोलियमपासून केलेल्या साध्या ग्रीसने, इंजिन ऑइलने, डिझेलने फुगतं. पिन पहिल्या दिवशी गुळगुळीत चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. नंतर रबर फुगत फुगत पिन भोकात घट्ट आवळली जाते. जाम पिनांसाठी येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत आधी कुणीतरी चाकाच्या बेअरिंगचं किंवा चेसिसचं ग्रीस भरलेलं मी पाहिलंय.

पिनांना सिलिकॉनचं ग्रीस किंवा खास ब्रेक कॅलिपरसाठी म्हणून विकलं जाणारं सिंथेटिक ग्रीस लावायचं. पाकिटावर रबराला चालतं असं लिहिलेलं पाहून घ्या. छोटी पुडी मिळते, एका गाडीला पुरते. आणि लावायचं पातळ थर. भोकात कोंबलं तर आत हवा अडकते आणि पिन पूर्ण आत बसत नाही.

अभियंता_जळगाव

शंभर टक्के सहमत. तांब्याच्या रंगाचं जे ग्रीस मिळतं ते पॅडच्या पाठीला आणि कानांना लावायला बरेच जण वापरतात. ते पिनांवर लावू नये, त्यातलं तेल रबराला चालेलच असं नाही आणि त्यातल्या घन कणांनी पिन अडखळते. पॅडच्या घासणाऱ्या तोंडावर आणि डिस्कवर कुठलंच ग्रीस लागता कामा नये. लागलं तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, पॅड मात्र बदललेलाच बरा.

केळीवाला_रावेर

बरं, हे पटलं. ट्रॅक्टरचं ग्रीस ट्रॅक्टरलाच. पण मग धूळ-चिखलाचं काय? रावेर-यावलच्या बाजूला पावसाळ्यात बागेच्या रस्त्याने गाडी नेली की काळी माती चाकाच्या आत थापून बसते. दोन दिवसांनी वाळते तेव्हा टिकावाने उकरावी लागते. त्याने पिना जाम होत नाहीत का?

जुना_मिस्तरी_धुळे

नुसत्या चिखलाने नाही. बूट शाबूत असेल तर माती पिनेपर्यंत पोचत नाही. बूट फाटलेला किंवा खाचेतून निसटलेला असेल तर मात्र एका पावसाळ्यात काम तमाम. चिखलाचा खरा त्रास पॅडच्या कानांना होतो. माती क्लिपांत वाळते आणि पॅड मागे सरकत नाही. म्हणून पावसाळा संपला की दिवाळीच्या आत एकदा चाकं खोलून क्लिपा साफ करणं हे आपल्या भागात सर्व्हिसिंगइतकंच गरजेचं आहे असं मी मानतो. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, प्रेशरचा फवारा कॅलिपरच्या रबरांवर जवळून धरू नको.

खान्देशी_ताई

मला एक विचारायचंय. मी नंदुरबारहून रोज शाळेला गाडीने जाते, मधला रस्ता बराच खराब आहे. चाक खोलणं मला जमणार नाही आणि दर महिन्याला गॅरेजलाही जाणार नाही. चाक न खोलता हे आधीच कळेल असं काही आहे का? अलॉय व्हील आहेत.

सातपुडा_रायडर

ताई, अलॉयच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो. पण धाग्याच्या विषयातली मेख हीच आहे की संपतो तो बहुतेक वेळा आतला. मोबाईलचा टॉर्च लावून, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मागच्या अंगाने पाहिलं तर आतल्याची कडही बऱ्याच गाड्यांत दिसते. मोबाईल आत धरून फोटो काढला तर आणखी सोपं.

अभियंता_जळगाव

त्याशिवाय तीन गोष्टी रोजच्या वापरात लक्षात येतात. पहिली, डाव्या-उजव्या चाकांवरची काळी ब्रेकधूळ. एका चाकावर ठळकपणे जास्त असेल तर ते चाक घासतंय. दुसरी, उष्णता. ब्रेक फारसा न वापरता दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, हळू होत होत थांबवा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन पाहा. हात लावू नका, डिस्क भाजते. लांबून तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र आता फार महाग राहिलेलं नाही, ते असेल तर उत्तमच. आकडा किती यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तेव्हा सगळीच चाकं तापलेली असतात, म्हणून एका चाकाची तुलना दुसऱ्याशीच करायची. तिसरी, सायरनसारखा बारीक किंचाळणारा आवाज. बऱ्याच पॅडांना एक पत्र्याची जीभ असते, मटेरियल दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला लागून ओरडते. ओरडली की लगेच गॅरेज गाठायचं. लोखंडावर लोखंडाचा खरखराट हा त्याच्या पुढचा टप्पा, गिरणाकाठ यांच्या गाडीचा.

खान्देशी_ताई

धन्यवाद. फोटोची युक्ती आजच करते. पण मग गिरणाकाठ यांची जीभ का ओरडली नाही?

जुना_मिस्तरी_धुळे

ताई, चांगला प्रश्न. काही सेटमध्ये ती जीभ चारपैकी दोनच पॅडांना असते आणि ती आतल्या जागी बसवायची असते. बसवणाऱ्याने बाहेर बसवली तर आतला संपेपर्यंत कोणी ओरडत नाही. काही स्वस्त सेटमध्ये जीभच नसते. आणि इथे उतरत्या झिजेमुळे जीभेचं टोक जाड राहिलेल्या बाजूला असलं तरी आवाज उशिरा येतो. गिरणाकाठ, तुमच्या पॅडांवर बघून सांगा.

अंजनीकाठ

मी मात्र सहमत नाही की आतला संपला म्हणजे पिना. माझ्या गाडीला बाहेरचा पॅड संपला होता आणि तरी पिनाच जाम निघाल्या. मग तुमचा नियम कुठे गेला?

जुना_मिस्तरी_धुळे

अंजनीकाठ भाऊ, दोन्ही होतं. पिन कुठल्या जागी अडकली यावर ते आहे. धड आत सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर दाबलेला असताना पिन अडकली, तर पेडल सोडल्यावर पिस्टन मागे जातो, आतला पॅड सुटतो, पण धड परत येत नाही. मग बाहेरचाच चाटत राहतो आणि संपतो. म्हणूनच मी पॅड वाचा म्हणतो, पण पिना हाताने सरकवून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका असंही म्हणतो. बाहेरचा संपला तर पिस्टनवर संशय कमी, एवढं नक्की धरता येतं.

अंजनीकाठ

असं सांगितलं तर जुळतं. एरंडोलला मला कुणी एवढं समजावलं नव्हतं.

केळीवाला_रावेर

विषयाला थोडं सोडून. कन्नड घाट उतरताना लोक चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून येतात. पॅडांचे हाल तिथेच होतात. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आमच्या ट्रकवाल्या काकांनी शिकवलं.

सातपुडा_रायडर

चांदसैली घाटात तर दुसरा इलाजच नाही. एकदा ब्रेक तापून बसला की पेडल नुसतं खाली जातं.

अभियंता_जळगाव

पेडल खाली जाण्यामागे ऑइलमधलं पाणी असतं. ब्रेक ऑइल हवेतली वाफ ओढून घेतं. नवीन डॉट ४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येऊ शकते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात डिस्क तापते, ती उष्णता पॅडमधून पिस्टनकडे जाते, ऑइल उकळून वाफ होते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल पोकळ लागतं. एकीकडचा पॅड सतत घासत असेल तर त्या चाकातलं ऑइल सपाट रस्त्यावरच तापलेलं असतं, घाट नंतर येतो. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते याचसाठी. त्याच पाण्याने पिस्टनही आतून गंजतो, म्हणजे आपल्या मूळ विषयाशी याचा थेट संबंध आहे.

तापीमाय

घाटना विषय निंघना ते सांगस, भरीत-भाकर खाईसन घाट उतरू नका, झोप येस.

भुसावळ_जंक्शन

वांगं बामणोदचं असेल तर झोप आली तरी चालेल. गाडी बाजूला लावून झोपायचं.

गिरणाकाठ

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो.

मेहुण्यांच्या ओळखीचे एक तरुण मिस्तरी घरी आले. अंगणात काळी माती, म्हणून जॅकखाली जाड फळी टाकली, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी स्टँडवर घेतली. आधी पेडल दाबून सोडलं, डावं चाक हाताने जेमतेम फिरत होतं. ब्लीड निपल सैल केला. चिळकांडी आली नाही, थेंब आले, चाक तसंच घट्ट. म्हणजे होजमध्ये दाब अडकलेला नव्हता.

मग कॅलिपर काढला. तो होजवर लोंबकळू नये म्हणून स्प्रिंगला तारेने टांगला. वरची पिन बोटाने आत-बाहेर होत होती. खालची मात्र पकडीने पिळून पिळून काढावी लागली. तिच्या टोकाला रबरी नळी होती, ती फुगून बोळ्यासारखी झालेली. भोकात पिवळट चिकट ग्रीस, मिस्तरींनी वर सांगितलं तेच. उजवीकडे उघडलं तर तिथे ग्रीस जवळपास नव्हतंच, पण पिना मोकळ्या होत्या. म्हणजे मागच्या वेळी डावीकडेच कुणीतरी चुकीचं ग्रीस भरलं होतं.

पिस्टनचं धूळरबर शाबूत. जुना पॅड मधे ठेवून सी-क्लँपने दाबला, सावकाश पण न अडखळता आत गेला. दाबताना निपल उघडून नळीने जुनं ऑइल बाटलीत घेतलं, रंग चहासारखा. म्हणजे कॅलिपर बदलायची गरज नव्हती. पिना आणि बुटांचं किट आणलं, दोन्हीकडे टाकलं. भोकं ब्रेक क्लीनरने आणि कापडाने कोरडी केली, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. रबरी नळीवाली पिन कुठल्या भोकात जाते ते उजव्या बाजूशी ताडून पाहिलं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: जीभ होती, पण दोन्ही बाजूंना बाहेरच्या पॅडवर बसवलेली होती.

डिस्कवर नखाला लागतील असे खोल ओरखडे. टर्निंग मारायचं की बदलायची, ते ठरेना.

जुना_मिस्तरी_धुळे

फार व्यवस्थित काम झालं. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. डिस्कला बाहेरच्या कडेला उंच ओठ येतो, तो धरून मोजलं तर जाडी फसवी येते, म्हणून ओठाच्या आत मोजा. टर्निंगनंतर जाडी त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर टर्निंग करायचं नाही, डिस्क बदलायची. आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची. पातळ डिस्क लवकर तापते.

गिरणाकाठ

मोजली. डावी किमान आकड्याच्या इतकी जवळ आहे की टर्निंगला जागा नाही. दोन्ही डिस्क आणि चारही पॅड नवीन आणतो. कॅलिपरच्या पैशांत हे सगळं बसतंय.

केळीवाला_रावेर

नवीन बसवल्यावर लगेच घाटात नेऊ नका. पॅड आणि डिस्क एकमेकांत बसायला हवेत.

अभियंता_जळगाव

बरोबर. बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, कारण पिस्टन आत ढकललेला आहे, पहिली दाब पोकळ जाते. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून मध्यम ब्रेक लावून दहा-पंधरापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. मधे गार होऊ देत आठ-दहा वेळा करा. धुळे रस्त्याला पहाटे वाहतूक कमी असते. शेवटी तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहू नका, पॅडचा छाप डिस्कवर उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

खान्देशी_ताई

फोटो काढला. उजवीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा उघड पातळ दिसतोय, चार मिलिमीटर असेल-नसेल. अजून आवाज नाही, ओढत नाही. थांबू का?

जुना_मिस्तरी_धुळे

थांबू नका ताई. आत्ता गेलात तर पिनांची सफाई आणि एक किट, एवढ्यात भागेल. पॅड अजून वापरता येतील. गॅरेजला नुसतं ब्रेक बघा म्हणू नका, दोन्ही पिना माझ्यासमोर हाताने सरकवून दाखवा म्हणा. जाताना सिलिकॉन ग्रीसची पुडी पर्समध्ये टाका.

खान्देशी_ताई

उद्या शाळा सुटल्यावर जाते. पुडी आजच घेते.

गिरणाकाठ

डिस्क-पॅड बसले. पहाटे धुळे रस्त्याला पॅड बसवून घेतले. परत आल्यावर डावं-उजवं चाक हाताला सारखंच कोमट, न्यूट्रलमध्ये गाडी सरळ जाते, ब्रेकवरही सरळ. जुने चार पॅड नावं लिहून डब्यात ठेवलेत, त्या तरुण मिस्तरींना शिकाऊ पोरांना दाखवायला हवेत म्हणाले. मागच्या ड्रमचं अजून उघडलेलं नाही, हँडब्रेक वर बराच खेचावा लागतो. त्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

जुना_मिस्तरी_धुळे

वेगळा काढा. ड्रममध्ये पॅडच्या जागी लायनर असतात, तो विषय याच्याइतकाच मोठा आहे. तोपर्यंत हँडब्रेकची तार आवळू नका. आधी ड्रममधल्या लायनरची सेटिंग करतात, तार शेवटी. उलटं केलं तर मागची चाकं धरून बसतील.